नागपुरात बसून एनएफएलचे प्लेऑफ बघायचे, तर आधी गाव धरा

जानेवारीत एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, प्लेऑफ सुरू झाले की ऑफिसातली पोरं मला तेच तीन प्रश्न विचारतात. मॅच किती वाजता? दिसते कुठे? आणि भाऊ, आपण कोणाकडून? पहिल्या दोनांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्यासाठी हे सगळं लिहून राहिलो आहे.

आधी माझी बाजू सांगतो. मी मिहानमध्ये रात्रपाळी करतो. काम बिलिंगचं, आणि तिकडची माणसं बसतात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत. हिवाळ्यात सोमवारचा कॉल लागला की पहिली काही मिनिटं कामाचं कोणीच बोलत नाही, बिल्सचं, म्हणजे तिथल्या फुटबॉल टीमचं, बोलतात. काल हरले असतील तर नुसत्या ‘हॅलो’वरून कळतं. ते ऐकून ऐकून मला नाद लागला. आता आमच्या फ्लोअरवर प्रत्येकाची एक टीम आहे आणि हरणाऱ्याने सावजी खिलवायची असा कायदा आहे. पैसे लावत नाही. ज्याला लावायचे असतील त्याने दुसरं टेबल बघावं.

वेळेचं गणित एकदाच पाठ करून टाका. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिकडची दुपारी एकची मॅच म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, साडेचारची म्हणजे पहाटेचे तीन, आणि रात्री सव्वाआठची म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे पावणेसात. पहिल्या फेरीला वाइल्ड कार्ड म्हणतात. तिच्यात सहा मॅच असतात आणि त्या साधारण आपल्या रविवारच्या पहाटेपासून मंगळवारच्या सकाळपर्यंत पसरतात. सगळ्या बघायच्या फंदात पडू नका. पावणेसातवाली डोळे मिटून घ्या, झोपही होते आणि दहाच्या सुमारास मोकळे. तीनवाली आपल्या टीमची असेल तरच. नागपूरच्या जानेवारीत पहाटे तीनला रजईतून बाहेर यायला कारणही तेवढंच जबरदस्त लागतं. सगळ्यात फसवी ती रविवारी रात्रीची साडेअकराची. एक मॅच तीन तासांच्या वर चालते, ती संपता संपता पुढची सुरू होते, ‘आता जागेच आहोत तर’ असं होतं आणि सोमवारी तुम्ही माणसात नसता. आमच्यासारख्या रात्रपाळीवाल्यांची मात्र इथे चैन आहे. रविवारी रात्री सुट्टी, सोमवारी संध्याकाळपर्यंत कामावर जायचं नाही. आयुष्यात एवढा एकच फायदा आहे या पाळीचा.

दिसण्याचं म्हणाल, तर एनएफएलचा गेम पास डझोन (DAZN) ॲपवर मिळतो. ज्याला खर्च करायचा नाही त्याने लीगच्या यूट्यूब चॅनलवरचे हायलाइट्स बघावेत, मॅच संपल्यावर लवकरच येतात. फक्त तोवर व्हॉट्सॲप उघडू नका. आमच्या ग्रुपवर एक जण निकाल आधी टाकतो आणि ‘स्पॉयलर अलर्ट’ नंतर.

खेळाचे नियम सगळे शिकायला बसलात तर प्लेऑफ संपतील. एवढं पुरे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर नवे चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, ६ गुण, वर किकचा १ किंवा पुन्हा घुसून २. तिथवर जमलं नाही तर लांबून किक मारून खांबांमधून काढायची, ३ गुण. नव्या माणसाने नजर चौथ्या प्रयत्नावर ठेवावी. लाथ मारून चेंडू देऊन टाकायचा, तीन गुणांवर समाधान मानायचं की अंगावर घ्यायचं, हे कोचला काही सेकंदांत ठरवावं लागतं. माझ्या आईला बाकीचं काही कळत नाही, पण ‘चौथा आहे का रे?’ हे ती स्वयंपाकघरातून बरोबर विचारते.

प्लेऑफची रचना मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच आयपीएलची सवय आडवी येते. एकूण ३२ टीम, एएफसी आणि एनएफसी अशा दोन भागांत १६-१६. प्रत्येक भागातून ७, म्हणजे १४ टीम पुढे जातात. चार गटविजेते आणि उरलेल्यांतल्या तीन चांगल्या. पहिल्या नंबरला पहिल्या फेरीत आराम. दुसरा सातव्याशी, तिसरा सहाव्याशी, चौथा पाचव्याशी. पुढच्या फेरीत पहिल्या नंबरच्या वाट्याला उरलेल्यांतला सगळ्यात खालचा येतो. आणि क्वालिफायर-एलिमिनेटरसारखी दुसरी संधी कोणालाच नाही. १७ सामन्यांची साखळी खेळून आलेली टीम एका वाईट दुपारी घरी जाते. वरच्या नंबरवाल्याला एकच गोष्ट मिळते, स्वतःचं मैदान. ती छोटी समजू नका. जानेवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटीत चीफ्स आणि मायामीची मॅच उणे २० सेल्सिअसमध्ये झाली. फ्लोरिडाच्या उन्हातली पोरं तिथे २६-७ ने हरली.

आता मुद्द्याचं. टीम निवडताना बहुतेक जण काय करतात? चषक मोजतात. म्हणून आपल्याकडे निम्मे जण चीफ्सवाले. २०२०, २०२३, २०२४ अशा तीन सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकल्या, त्यात टेलर स्विफ्ट स्टँडमध्ये, झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी त्यांना ४०-२२ ने धुतलं, तेव्हा यातले बरेच भाऊ ‘मी तर आधीपासून ईगल्सवाला’ म्हणून राहिले होते. माझं सांगणं एवढंच की टीम निवडू नका, गाव निवडा. तुमचा त्या गावाशी काहीतरी धागा असेल. मावसभाऊ डेट्रॉइटला असेल, भाची पिट्सबर्गला शिकत असेल, क्लायंट क्लीव्हलंडचा असेल. तेच गाव धरा. टीम मग भंगार निघाली तरी चालेल, उलट निघालीच तर जास्त मजा.

हे नागपूरकराला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. आपल्याला आयपीएलची टीम नाही. मुंबई म्हणा, चेन्नई म्हणा, सगळं उसनं. पण विदर्भ आपला आहे. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा विदर्भ पहिल्यांदा फायनलला पोचला तो २०१७-१८ च्या हंगामात, आणि पोचला तो जिंकूनच आला. इंदूरला, दिल्लीविरुद्ध, १ जानेवारी २०१८ रोजी. फैज फजल कॅप्टन, चंद्रकांत पंडित कोच, रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. पुढच्याच वर्षी जामठ्याला पुन्हा जिंकलो, २०२५ मध्ये केरळविरुद्ध तिसऱ्यांदा. पण त्या आधीची सगळी वर्षं पेपरातल्या कोपऱ्यात विदर्भाचा स्कोअर शोधणारे जे काका होते ना, इंदूरचा विजय खरा त्यांचा. टीम अशी असावी लागते.

तसंच गाव हवं असेल तर डेट्रॉइट घ्या. तिथल्या लायन्सनी शेवटचं विजेतेपद मिळवलं डिसेंबर १९५७ मध्ये, म्हणजे विदर्भ रणजीत उतरला त्याच हिवाळ्यात. सुपर बोल त्यांनी आजवर खेळलेलीच नाही. २००८ च्या हंगामात १६ पैकी १६ हरले. जानेवारी १९९२ नंतर प्लेऑफची एक मॅच जिंकायला त्यांना जानेवारी २०२४ उजाडला, तीही एका गुणाने, २४-२३, आणि समोर कोण तर त्यांच्याकडे बारा वर्षं खेळून लॉस एंजेलिसला गेलेला मॅथ्यू स्टॅफर्ड. दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ ने पुढे होते आणि ३४-३१ ने हरले. आमच्या फ्लोअरवरची लायन्सवाली पोरगी त्या दिवशी जेवली नाही. तिचा डेट्रॉइटशी संबंध एवढाच, की तिचा काका तिथे गाड्यांच्या कारखान्यात होता. पुरतो की एवढा.

बफेलो सोडून माझं मन विचाराल तर लायन्सच्या खालोखाल ग्रीन बे. हे गाव केवढं? साधारण एक लाख वस्ती, आपल्या वर्ध्याएवढं. स्टेडियम ८१ हजारांचं, म्हणजे जामठ्याच्या दुपटीच्या जवळपास. वर्ध्यात असं काही उभं राहिलंय अशी कल्पना करून बघा. आणि इथल्या पॅकर्स टीमला मालक नाही. पाच लाखांवर भागधारक आहेत, त्यांना लाभांश मिळत नाही, शेअर विकून नफाही काढता येत नाही. भिंतीवर लावायला कागद मिळतो आणि वार्षिक सभेला बसायला मिळतं. तरी २०२१ मध्ये ३०० डॉलरला एक या भावाने लोकांनी रांगा लावून घेतले. टीम गावाचीच असल्यामुळे ती कोणी उचलून नेऊ शकत नाही.

उचलून नेणं ही तिकडची खरी भीती आहे. मार्च १९८४ मध्ये बाल्टिमोरच्या कोल्ट्सचं सगळं सामान एका रात्रीत ट्रकांत भरून इंडियानापोलिसला नेलं. टीम गेली, पण तिचा बँड गावातच राहिला आणि टीमशिवाय वाजवत राहिला. रेडर्स तर ओकलंडहून लॉस एंजेलिस, परत ओकलंड, मग २०२० मध्ये लास वेगास. क्लीव्हलंडने मात्र भांडून काहीतरी राखलं. १९९५ च्या हंगामानंतर मालकाने टीम बाल्टिमोरला हलवली, पण ब्राउन्स हे नाव, रंग आणि जुना इतिहास गावाने ठेवून घेतला आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवी टीम उभी केली. ती टीम बहुतेक वेळा हरते. क्लीव्हलंडवाल्यासमोर हसू नका मात्र.

आता माझ्या बफेलोचं. जानेवारी १९९१ ते जानेवारी १९९४, सलग चार सुपर बोल खेळले आणि चारही हरले. पहिली तर शेवटच्या क्षणी, स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर, २०-१९. अलीकडे चीफ्सनी त्यांना चारदा प्लेऑफमधून बाहेर काढलं, २०२१, २०२२, २०२४, २०२५. त्यातल्या २०२२ च्या मॅचला शेवटचे १३ सेकंद उरले असताना बफेलो पुढे होतं. चीफ्सनी तेवढ्यात बरोबरी केली आणि जादा वेळेत बिल्सला चेंडू मिळायच्या आतच मॅच संपवली. त्यानंतर लीगला प्लेऑफचा नियम बदलावा लागला, आता दोन्ही बाजूंना चेंडू मिळतोच. २०२४ ला टायलर बासची किक पुन्हा उजवीकडून बाहेर गेली. त्याला नेटवर शिव्या सुरू झाल्या, तेव्हा बफेलोच्याच लोकांनी तो ज्या मांजरांच्या संस्थेला मदत करायचा तिच्याकडे देणग्यांचा ढीग लावला. आणि त्याच महिन्यात हिमवादळाने मॅच एक दिवस पुढे ढकलली, तेव्हा गावकरी तासाला २० डॉलरवर स्टेडियमचा बर्फ उपसायला आले होते. असं गाव सोडून मी चीफ्सवाला होऊ? कायले?

गाव धरल्यावरचे आमचे नियम थोडेच आहेत. टीम बदलायची नाही. आपली बाद झाली तर उरलेल्या दिवसांपुरती दुसरी चालते, पण जिने आपल्याला बाहेर काढलं ती कधीच नाही. समोरच्याचा किकर किक मारायला आला की ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणायचं, पण हळू, कारण खालच्या मजल्यावरचे काकाजी पहाटे झोपलेले असतात. आणि क्लायंटचं गाव हरलं असेल तर सोमवारच्या कॉलवर मॅचचा विषय आपण काढायचा नाही. ‘नशीब वाईट होतं’ तर मुळीच म्हणायचं नाही, त्यांनी ते शंभरदा ऐकलेलं असतं. तिकडे बर्फ किती पडला ते विचारा. दोन मिनिटांत तेच किकरवर येतात, तेव्हा फक्त ऐकून घ्या.

सुपर बोलची तयारी वेगळी. फेब्रुवारीतला रविवार तिकडचा, आपला सोमवार, पहाटे पाच. मैदान तटस्थ आणि खूप आधी ठरलेलं, त्यामुळे घरच्या गर्दीचा हिशेब इथे नाही. दिवसपाळीवाल्यांनी रजा आठवडाभर आधी टाकावी, सकाळी तब्येत बिघडल्याचा मेसेज आता कोणी खरा मानत नाही. बसायचं ज्याच्या घरी वायफाय चांगलं आणि आईवडील सहनशील त्याच्याकडे. साडेसहाच्या आसपास मध्यंतर होतं आणि गाण्याच्या कार्यक्रमामुळे ते जवळपास अर्धा तास चालतं. पोहे आणायला एवढा वेळ पुरतो. तर्री वेगळी बांधून घ्यायची, नाहीतर घरी येईपर्यंत पोह्यांचा लगदा होतो. पाठवायचं अशा माणसाला ज्याची टीम जानेवारीतच बाद झाली. गाणं आवडत असेल तरी त्यालाच.