शेजारी रो-हाऊसची वसाहत येतेय? हरकत अशी नोंदवा

शहराच्या विकास आराखड्यात शेती विभागात (झोनमध्ये) दाखवलेली जमीन निवासी करायची तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली नोटीस निघते. तिच्या तारखेपासून हरकतीला एकच महिना मिळतो, म्हणून आधी नोटिशीतला गट नंबर नकाशावर ताडून पाहा.

"गर्दी वाढेल" एवढंच लिहिलं तर अर्ज बाजूला पडतो. आकडे द्या. 60 घरं, घरटी 5 माणसं, माणशी रोज 135 लिटर: 40,500 लिटर, म्हणजे दहा हजारी चार टँकरांहून थोडं जास्तच. हे पाणी कुठून येणार, ते विचारा.

खरा घोळ नाल्याचा. जमीन भरावाने उंचावली की पाणी जुन्या घरांत शिरतं. मागच्या पावसाची भिंतीवरची ओल टेप लावून मोजा, टेपसकट फोटो जोडा.

"दुमजलीच राहील" हे तोंडी आश्वासन धरू नका. विभाग एकदा निवासी झाला की पुढे मजले वाढू शकतात. मंजुरीतच उंचीची अट मागा.

एका पत्रावर दोनशे सह्यांपेक्षा वीस घरांचे वीस वेगळे अर्ज केव्हाही बरे. प्रत्येकावर आवक शिक्क्याची पोच घ्या. सुनावणीला ती लागते.