टूरिंग कारच्या शर्यतीत उतरायचंय? आधी हे करा

मी कोल्हापूरचा. टूरिंग कार म्हणजे रस्त्यावरचीच गाडी, शर्यतीसाठी तयार केलेली. माझी पहिली शर्यत फोक्सवॅगन पोलो गाडीत केली. नव्या पोरांना माझं सांगणं एकच: सुरुवात कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीपासून करा. मग एफएमएससीआयचं, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाचं लायसन्स काढा. ते हातात आलं की कोइम्बतूरचा कारी ट्रॅक आणि चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक, हीच तुमची शाळा.

पोलोला ओढतात ती पुढची चाकं. वळणात शिरल्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात, की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर फेकलं जातं. माझी गाडी अशीच गवतात गोल फिरली होती. अशा वेळी ब्रेककडे पाय नेऊ नका. शेपूट जातंय त्याच बाजूला स्टिअरिंग थोडं वळवा, हलकेच गॅस द्या. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. हे हातापायांत भिनायला मला अख्खा सीझन लागला.

सराव संपला की फोटो नंतर, आधी इंजिनिअरकडे जा. ब्रेक कुठे दाबला, किती जोरात, सगळं गाडीत नोंदलेल्या डेटात दिसतं.

पहिल्या वर्षी गाडी शाबूत आणा. ठोकलेल्या बंपरचं बिल घरच्यांच्या खिशातून जातं, आणि स्पॉन्सरही शर्यत पूर्ण करणाऱ्यालाच आधी विचारतो.