बारावीनंतर डायटिशियन व्हायचंय? या चुका टाळा, मी करून बसली आहे

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पंचक्रोशीत दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून लागलेली मी एकटीच, त्यामुळे सगळ्यांचा एकच प्रश्न, "ताई, पोरीले डायटिशियन करायचं आहे, तीन वर्षात होते नं?"

नाही होत काका. पहिली चूक इथंच होते.

बी.एस्सी. झाली म्हणजे पोरगी पदवीधर झाली, रजिस्टर्ड डायटिशियन, म्हणजे आरडी, नाही झाली. आपल्याकडं आरडीची परीक्षा इंडियन डायटेटिक असोसिएशनचं (आयडीए) बोर्ड घेते, आणि त्या परीक्षेला बसायचं तर पदवीनंतर डायटेटिक्सचा पीजी डिप्लोमा नाहीतर एम.एस्सी. लागते, वरून दवाखान्यातली इंटर्नशिप. म्हणजे पाच-साडेपाच वर्षं धरूनच चाला अन् पैशाचा हिशोब तसाच करा, कारण कापूस विकला जातो दिवाळीनंतर आणि कॉलेजवाले फी मागतात जुलैत, आमच्या घरी दरवर्षी तेव्हाच ओढाताण व्हायची. महाडीबीटीचा सरकारी स्कॉलरशिपचा फॉर्म एकदा भरला की झालं असं पण समजू नका, तो दरवर्षी रिन्यू करावा लागतो, माझ्या रूममेटची दुसऱ्या वर्षाची स्कॉलरशिप तेवढ्यानंच गेली.

काही पोट्ट्या अमेरिकेतल्या आरडीचे व्हिडिओ पाहून तोच रस्ता इकडं धरतात. ते रजिस्ट्रेशन वेगळं आहे बाई, आणि तिथं सुद्धा 1 जानेवारी 2024 पासून मास्टर्स असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत.

दुसरी चूक कोर्सच्या नावाची. फूड टेक्नॉलॉजी म्हणजे डायटेटिक्स नाही. तिथं बिस्किट कसं बनवायचं, किती दिवस टिकवायचं, पॅकिंग, कारखाना असं शिकवतात, चांगला कोर्स आहे पण पेशंट दिसत नाही. होम सायन्समध्ये पण सगळ्यांना सारखं नसते, कुठं वस्त्रशास्त्र जास्त तर कुठं बालविकास, म्हणून ॲडमिशनच्या आधी विद्यापीठाच्या साइटवरून तिन्ही वर्षांचा सिलॅबस काढा आणि फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, फूड मायक्रोबायोलॉजी, थेराप्युटिक डाएट हे पेपर बोट ठेवून शोधा, नसतील तर कॉलेज घराजवळ आहे एवढ्यासाठी ॲडमिशन घेऊ नका. नागपूर, अमरावती, गोंडवाना, तिन्ही विद्यापीठांचे सिलॅबस वेगवेगळे निघतात. अन् तीन महिन्यात सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट देणारे क्लास असतात, ते घरात फ्रेम करून लावायला ठीक आहे.

घरी बसून करता येईल म्हणून डिस्टन्सचा विचार असेल तर आता सोडाच. यूजीसीनं 2025 मध्ये सांगून टाकलं की फूड अँड न्यूट्रिशन, क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स असे कोर्स डिस्टन्स नाहीतर ऑनलाइन चालवायचे नाहीत. यामागं 2021 चा आरोग्यसेवा व्यावसायिकांचा कायदा आहे, त्यात डायटिशियन पण येते, आणि पदवी किमान 3600 तासांची पाहिजे असं त्यात लिहून आहे. तरी एजंट लोक अजून फोन करतात, "मॅडम सीट लास्ट आहे".

आता अभ्यासाचं, इथं मी जास्त बोलणार आहे कारण पोरी इथंच गळतात. बारावी आर्ट्सची असली तरी काही ठिकाणी होम सायन्सला घेतात, मग पहिल्या सेमिस्टरला बायोकेमिस्ट्री समोर आली की रडू येते. मी मराठी मीडियमची, ग्लायकोलिसिस म्हणजे काय ते कळायलाच महिना गेला. मग एक दोनशे पानी वही केली, डावीकडं इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडं आपल्या भाषेत अर्थ, तीच वही मला एम.एस्सी.पर्यंत पुरली. गाइडमधून पाठ करू नका, व्हायवामध्ये लगेच पकडतात.

आणि वाटी! "एक वाटी वरण, दोन भाकरी" असं जर्नलमध्ये लिहिलं की आमच्या मॅडम विचारायच्या, वाटी कोणती, भाकर कोणाच्या घरची? पुस्तकात धान्याचं एक एक्स्चेंज, म्हणजे मोजायचा एक ठरलेला वाटा, 30 ग्रॅमचा, साधारण 100 कॅलरी. मी सुट्टीत घरी येऊन आईच्या भाकरीचं पीठ तोललं तर एका भाकरीला 90 ग्रॅम! म्हणजे एका भाकरीत 300 कॅलरी आणि 9 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, आणि मी वर्षभर जर्नलमध्ये एका भाकरीला 100 लिहून राहिली होती. पेशंट शेतात राबून तीन भाकरी खाऊन येते आणि आपण कागदावर 300 कॅलरी मांडतो, पूर्ण प्लॅनच चुकला नं. तीन-चारशे रुपयांचा वजनकाटा घ्या, कच्चं पीठ आणि कच्ची डाळ तोला, शिजलेलं नाही, कारण गंजात (भांड्यात) पाणी किती टाकलं त्यावर वरणाचं वजन बदलते. आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (एनआयएन) 2017 च्या अन्नघटकांच्या तक्त्यातून घ्या, मोबाईल ॲपमधून नको.

प्लॅनमध्ये ॲव्होकॅडो, क्विनोआ टाकायची पण हौस असते. इकडं जवसाची चटणी आहे, अंबाडी आहे, पावसाळ्यात तरोटा फुकट उगवते, ते लिहा. आणि विदर्भात शिकता तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नीट वाचून ठेवा, रक्त कमी दिसलं की लोहाची गोळी असं सरसकट चालत नाही, वारंवार रक्त चढवलेल्या पेशंटच्या अंगात लोह आधीच जास्त साचलेलं असू शकते. ओरलमध्ये मला हाच प्रश्न आला होता आणि मी चुकली.

शेवटची चूक मला सगळ्यात महाग पडली. घराजवळ, एस.टी.नं जाऊन-येऊन जमते म्हणून मी तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात इंटर्नशिप केली. तिथं डायटिशियनच नव्हती, मी केसपेपर लावत बसायची, सर्टिफिकेट मात्र छान छापून मिळालं. आरडीचा फॉर्म भरताना ते काही कामाचं नाही निघालं. मग नागपूरला खोली करून मोठ्या दवाखान्यात पुन्हा केली, तिथं नळीतून द्यायचा आहार, किडनीचे पेशंट, सकाळचा वॉर्ड राउंड, किचनमधून शंभरावर थाळ्या जाताना पाहणं, हे सगळं तेव्हा कुठं हातात आलं. तुमची अशी झाली असेल तर घाबरू नका, पदवी वाया जात नाही, फक्त इंटर्नशिप परत करा. आणि या वेळी आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: डाएट विभाग आहे का, तिथं आरडी कोण आहे, अन् ही इंटर्नशिप आयडीए धरते का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ईमेलवर मागून घ्या.