पॉम्पेईला स्टुडंट्सचा ग्रुप नेताय? मग या चुका टाळा

पहिली चूक घरी बसूनच होते, प्लॅन बनवताना. "सकाळी पॉम्पेई, दुपारी व्हेसुव्हियस, संध्याकाळी नेपल्सचं म्युझियम" असं कागदावर लिहिलं की झकास दिसतं, पण अहो पॉम्पेई म्हणजे एक स्पॉट नाहीये की उतरलो, फोटो काढले, निघालो. इटलीत नेपल्सजवळचं, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं अख्खं रोमन शहर आहे ते, साधारण 66 हेक्टर, त्यातलं दोन तृतीयांशच्या आसपास खणून झालंय, आणि चाळीस जणांचा ग्रुप असेल तर पुढचे अँफिथिएटरला म्हणजे झुंजींच्या गोल रिंगणाला पोचतात तेव्हा मागचे अजून फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, सेल्फी काढत असतात. त्यामुळे सगळं बघायचा नाद आधीच सोडा. पाच-सहा ठिकाणं ठरवा, फोरम, एखादं स्नानगृह, फॉनचं घर म्हणजे तिथला एक मोठा श्रीमंती वाडा, थिएटर, अँफिथिएटर, आणि शहराच्या भिंतीबाहेर जरा लांब असलेला, भित्तिचित्रांचा व्हिला ऑफ मिस्टरीज घ्यायचा की नाही ते पोरांचे पाय बघून ठरवा. सगळी घरं रोज उघडी नसतात, आळीपाळीनं बंद ठेवतात, म्हणून दोन जागा राखीव असू द्या. आणि हो, लुपानार म्हणजे तिथलं वेश्यागृह, तिकडे कायम गर्दी असते, शाळेचा ग्रुप असेल तर तिथे जायचं का आणि काय सांगायचं हे शिक्षकांनी आधीच बोलून घ्या, ऐन दारात उभं राहून कुजबुजत ठरवू नका.

तिकिटांचा घोळ सगळ्यात कॉमन. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, त्यामुळे "एक गळाला, त्याच्या जागी दुसरा घेतला" हे आता आयत्या वेळी चालवून घेतील असं धरून चालू नका. नावं पासपोर्टवरूनच भरा, व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरांनी टाकलेल्या लिस्टवरून नको, तिथे निम्म्यांनी टोपणनाव टाकलेलं असतं. दुसरं म्हणजे कॉलेजचं आयकार्ड दाखवलं की स्वस्तात मिळेल हा गैरसमज. इटलीच्या सरकारी स्मारकांवर 18 वर्षांखालच्यांना फुकट आहे, मग कुठल्याही देशाचे असोत, पण 18 ते 25 वाल्यांची 2 युरोची सवलत युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी आहे. म्हणजे बाहेरच्या देशातून आलेल्या फर्स्ट इयरच्या वर्गात सतरा वर्षांचा फुकट आणि त्याच्या शेजारी बसणारी अठरा वर्षांची फुल तिकीट, असं होणार. बजेट करताना जन्मतारखा बघा, नाहीतर फरक कुणाच्या तरी खिशातून जातो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच फुकट असतं, पण ग्रुप घेऊन त्या दिवशी जाऊच नका, गर्दीत मुंडकी मोजत बसाल.

आता ट्रेन. नेपल्सहून सर्कुमवेझुव्हियाना नावाची लोकल जाते आणि इथे चुकतात ते स्टेशनात, कारण पॉम्पेई नावाची स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत. तुम्हाला हवं ते "पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी", सोरेंतो लाइनवरचं, उतरलं की पोर्ता मरिना गेट जवळच. पोजोमारिनो लाइनची गाडी पकडलीत तर "पॉम्पेई सान्तुआरियो"ला उतराल, ते नव्या गावात. तसं झालंच तर घाबरून परत फिरू नका, अँफिथिएटरच्या बाजूचं गेट तिथून चालत गाठता येतं, तिकिटावर ठराविक गेट लिहिलेलं नसेल तर तिथूनच आत शिरा आणि रूट उलटा करा. बसायला जागा हवी असेल तर मुख्य स्टेशनखालच्या गारिबाल्दीला न चढता एक स्टेशन मागे पोर्ता नोलानाला जाऊन चढा, गाडी तिथूनच सुटते. खिसेकापूंचा त्रास आहे या लाइनवर, सॅक पुढे घ्या, एवढंच.

मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे चेकआउट करून ट्रॉल्यांसकट थेट साइटवर यायचा शहाणपणा करू नका.

कुणीतरी हरवणार हे गृहीतच धरा. रस्ते एकमेकांसारखे, भिंती सारख्या, आणि पोरगं फोनवर सांगतं "सर मी एका पडक्या भिंतीपाशी आहे". आता काय बोलणार! यावर उपाय तिथेच आहे आणि बहुतेक ग्रुपला तो माहीत नसतो. जुझेप्पे फिओरेल्ली नावाच्या पुरातत्त्वज्ञानं एकोणिसाव्या शतकात अख्ख्या शहराचे नऊ विभाग पाडले, विभागाला रेजिओ, त्यातल्या ब्लॉकला इन्सुला आणि मग दाराला नंबर. कोपऱ्यांवर तशा पाट्या लावल्यात, रोमन आकड्यांत. म्हणजे फॉनचं घर हे सहावा रेजिओ, बारावी इन्सुला, दार नंबर 2. हरवलेल्यानं जवळच्या कोपऱ्यावरची पाटी वाचून दाखवायची आणि जागचं हलायचं नाही, तुम्ही नकाशावर बोट ठेवून पाच मिनिटांत शोधाल. आत शिरताना सगळ्यांकडून एकदा पाटी वाचून घ्या, रोमन आकडे विसरलेले कोण आहेत ते पण कळतं. आणि भेटायची जागा म्हणून "फोरम" सांगू नका, फोरम मोठा आहे आणि सगळ्या जगानं तीच जागा सांगितलेली असते. बाहेर पडून परत आत येता येईल अशा भरवशावरही राहू नका, तेव्हा "जरा पाणी घेऊन येतो" म्हणून गेटबाहेर जाणाऱ्याला तिथेच अडवा.

पाण्यासाठी बाहेर जायची गरजही नाही. रस्त्याकडेच्या जुन्या दगडी हौदांना आता नळ बसवलेत, पाणी पिण्याचं असतं, रिकामी बाटली प्रत्येकाकडे हवी. सावली मात्र जवळपास नाहीच, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारा ते तीन त्या काळ्या दगडांवर उभं राहून लेक्चर देणाऱ्या सरांना मी मनोमन नमस्कार करते. बोलायचं ते सकाळी किंवा एखाद्या छताखाली बोला. रस्त्याचे दगड घासून गुळगुळीत झालेत, गाडीच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या आहेत, पाऊस पडला की घसरगुंडी होते, म्हणून फ्लॅट चपला, नवे कोरे शूज दोन्ही नको. कुणाचा पाय मुरगळलेला असेल किंवा व्हीलचेअर असेल तर "पॉम्पेई फॉर ऑल" नावाचा सपाट केलेला मार्ग आहे, तीन किलोमीटरच्या वर, अँफिथिएटरच्या बाजूनं सुरू होतो, त्या दिवशी अख्ख्या ग्रुपनं तिकडूनच जावं.

अभ्यासातल्या चुका पण सांगते, कारण सहलीच्या रिपोर्टमध्ये त्याच येतात. "शहर लाव्हाखाली गाडलं गेलं" असं लिहू देऊ नका. इ.स. 79 मध्ये आधी तासन् तास प्युमिसचे हलके खडे आणि राख पडली, छपरं कोसळली, आणि मग गरम राख-वायूचे लोट आले. तारीख 24 ऑगस्ट पाठ असते, पण 2018 मध्ये कोळशानं लिहिलेला एक मजकूर भिंतीवर सापडला, त्यातल्या तारखेवरून स्फोट ऑक्टोबरमध्ये झाला असावा असं आता बरेच जण मानतात. तिथे काचेमागे मेलेल्या माणसांचे आकार ठेवलेत, ती माणसं दगड झालेली नाहीत, राखेत देहाच्या जागी पोकळी राहिली होती, फिओरेल्लीनं 1863 पासून त्यात प्लास्टर ओतलं, आत हाडं खरी आहेत. त्यांच्यासमोर तशीच पोज देऊन फोटो काढणारा एक तरी निघतो, त्याला आदल्या रात्रीच समज द्या. आणि फॉनच्या घरात अलेक्झांडरचं मोझेइक, म्हणजे रंगीत खडे बसवून केलेलं चित्र, बघून "ओरिजिनल!" म्हणू नका, जमिनीवर आहे ती प्रतिकृती, मूळ नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये. ते मंगळवारी बंद असतं, तेव्हा वार बघूनच पॉम्पेईच्या दुसऱ्या दिवशी ठेवा.

व्हेसुव्हियसला जायचंच असेल तर वेगळा दिवस, आणि तिकीट हॉटेलवरूनच ऑनलाइन काढा, वर खिडकी नाही आणि नेटवर्कचाही भरवसा नाही.

शेवटचं, निघताना सॅका बघा. एखादा मोझेइकचा खडा "आठवण" म्हणून खिशात गेलेला असतो. हा तिथे सरळ गुन्हा आहे. 2005 मध्ये असेच तुकडे उचललेल्या एका कॅनेडियन बाईनं 2020 मध्ये ते माफीच्या पत्रासकट पोस्टानं परत पाठवले होते, नेल्यापासून नशीब फिरलं म्हणून. शापाचं राहू द्या, पण आत असतानाच सापडला तर तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात द्या, पोराला गुपचूप कुठेतरी टाकून यायला सांगू नका.