प्रेम जोडीदारापर्यंत पोचवायचं कसं? सुरुवात कुरकुरीपासून करा

मनात माया असूनही ती जोडीदाराला जाणवत नाही, याचं नेहमीचं कारण एकच: आपल्याला स्वतःला जे आवडेल, तेच आपण समोरच्यासाठी करत राहतो. रविवारी सकाळी दोन तास कुणी उठवू नये एवढीच जिची इच्छा, तिच्या हातात साडीचा बॉक्स पडतो. म्हणून आधी शोधा, मग करा.

शोधायचं कुठे? कुरकुरीत. आठवडाभर जोडीदाराची कुरकुर नीट ऐका आणि मोबाइलवर टिपून ठेवा. "सगळं मीच लक्षात ठेवायचं का?" यात डोक्यावरचा भार हलका करण्याची मागणी आहे. "तुझं लक्ष कुठेय?" म्हणजे नजर हवी आहे. "केलेलं कुणाला दिसतच नाही" म्हणणाऱ्याला शब्द हवे आहेत. या आठवड्यात स्वतःची बाजू मांडायची नाही. एकदा वाद सुरू झाला की पुढची कुरकुर मनातच राहते आणि तुमचा शोध तिथेच थांबतो.

थेट विचारायचं तर "तुला काय हवंय?" हा प्रश्न टाळा, त्याला "काही नको" हे उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी "या आठवड्यात कशाचा सगळ्यात जास्त वैताग आला?" असं विचारा. जेवणानंतरची शतपावली यासाठी उत्तम वेळ. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते शेजारी चालताना सहज निघतं.

आता कृती. बहुतेक घरांत सगळ्यात खोल पोचणारी गोष्ट म्हणजे एक काम पूर्णपणे आपल्याकडे घेणं. यात "पूर्णपणे" हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, सकाळचा डबा तुम्ही घेतलात. बुधवारी मटकीची उसळ न्यायची तर मटकी मंगळवारी सकाळी भिजत घालावी लागते, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते, तेव्हा कुठे बुधवारी सकाळी मोड दिसतात. थंडीत तर आणखी एक दिवस धरावा लागतो. करणाऱ्याला थकवतं ते हे आदल्या दिवसापासूनचं लक्षात ठेवणं, फोडणी नव्हे. तुम्ही नुसती फोडणी घातलीत आणि "मटकी भिजवलीस ना?" असं विचारलंत, तर भार होता तिथेच राहिला. कुठला जिन्नस कुठे आहे, किती लागतो, संपला की कोण आणतं, हे रविवारी एकदाच विचारून लिहून घ्या. मग सामान संपण्याआधी आणणं, डबा परत आल्यावर घासणं, ओटा पुसणं हेही तुमचंच. निदान महिनाभर खंड पडू देऊ नका. चार दिवसांची हौस जोडीदाराला जास्त जड जाते, कारण पाचव्या दिवशी काम त्याच्याकडे अचानक परत येतं.

ज्याचं काम आता तुम्ही घेतलंत, त्या जोडीदारालाही एक पथ्य आहे. पोळी जाड झाली, भाजी मोठी चिरली गेली, तरी पुन्हा हात घालून ती सुधारायची नाही. तसं झालं की करणारा हळूच मागे सरतो.

स्पर्शाची भूक असेल, तर डोक्याला तेल लावून देणं हा आपल्याकडचा जुना आणि खात्रीचा उपाय. आधी विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघायचं असेल किंवा केस नुकतेच धुतलेले असतील, तर तेल नको वाटतं. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे खोबरेल पुरतं, जास्त घातलं की धुताना शाम्पू दोनदा लावावा लागतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणून हिवाळ्यात तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नको. तेल मनगटावर टेकवून बघा, कोमट लागलं पाहिजे. जोडीदाराला खाली बसवा, तुम्ही मागे खुर्चीवर बसा. भांग पाडत बोटांच्या पेरांनी तेल टाळूला लावा, नखं लागू देऊ नका. तळव्यांनी केस घासू नका, त्याने गुंता होतो आणि केस तुटतात. बोटं टाळूवर टेकवून खालची त्वचा हलेल इतपत दाब द्या: आधी कपाळाच्या कडेने, मग कानांच्या वर आणि मागे, शेवटी मानेच्या खळगीशी. ताण तिथे साठतो, तिथे घाई करू नका. पंधरा मिनिटं पुरे. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि यानंतर आपली काही अपेक्षा आहे असं जाणवलं, तर पुढच्या वेळी मान आधीच आखडलेली असेल.

शब्द अनेकांना जड जातात, "तू किती छान आहेस" म्हणताना जीभ अडखळते. मग एवढं मोठं बोलूच नका. घडलेली एक गोष्ट आणि त्यामुळे तुमचा कुठला त्रास वाचला, दोनच वाक्यं. "आईच्या रिपोर्टसाठी तू रांगेत थांबलास. मला ऑफिसात निर्धास्त काम करता आलं." पुढे "पण" लावायचा नाही. "पण फोन उचलला असतास तर" असं जोडलं की लक्षात तेवढंच राहतं. असं कौतुक सासरच्या किंवा माहेरच्या माणसांसमोर केलं तर आणखी मुरतं.

जोडीदार चांगली बातमी घेऊन येतो, तेव्हाचा प्रतिसादही प्रेमच असतो. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या २००४ सालच्या संशोधनात, आनंदाच्या बातमीला उत्साहाने साथ मिळणाऱ्या जोडप्यांत समाधान जास्त आढळलं. तेव्हा बढतीची बातमी आली की "आता घरी यायला उशीर होणार" हे उद्यावर ठेवा. आधी विचारा: कुणी सांगितलं, काय म्हणाले, तुला तेव्हा काय वाटलं?

भांडणानंतर माफी मागायच्या जागी मिठाई आणू नका. आधी "माझं चुकलं", तेही नेमकं काय चुकलं ते सांगून. आणि ज्या घरात मारहाण किंवा धाक आहे, तिथे यातलं काहीही लागू नाही. तिथे आधी विश्वासातल्या माणसाची आणि कायद्याची मदत घ्यायची.

महिन्याने पुन्हा शतपावलीला विचारा: "यातलं कुठलं चालू ठेवू आणि कुठलं सोडू?" सोडायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, त्या वेळात जोडीदार म्हणेल ते दुसरं करून बघा. कुरकुर पूर्ण थांबणार नाही, मात्र तिचा विषय बदलला असेल, तर नवी यादी तिथूनच सुरू करा.