कूलरकडे पाठ, बोलणाऱ्याकडे तोंड

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरची घरघर श्रवणयंत्र लावणाऱ्याला नकोशी होते. यंत्र दिशादर्शी, म्हणजे समोरचा आवाज ठेवून मागचा दाबणारं असेल, तर बसायची जागा बदलून बघा. कानामागच्या यंत्रावर दोन बारीक छिद्रं दिसतात, दोन मायक्रोफोनची. मागचा आवाज मागच्या छिद्रात किंचित आधी पोचतो. त्या फरकावरून यंत्र तो दाबतं. म्हणून कूलर पाठीमागे, बोलणारा समोर, साधारण दीड मीटरच्या आत. घरघर जात नाही, सुसह्य होते. छिद्रं आडव्या रेषेत हवीत. यंत्र कलंडलं की फायदा घटतो. एकात धूळ बसली तरी तेच. कोरड्या मऊ ब्रशने झाडा, टाचणी नकोच! सीताबर्डीच्या रस्त्यावर मात्र सर्व दिशांचा प्रोग्राम लावा, मागचा हॉर्न ऐकू यायला हवा.