कॉलनी येत नाहीयेत? प्लास्मिडला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

ट्रान्सफॉर्मेशनची, म्हणजे बॅक्टेरियात प्लास्मिड (डीएनएचं छोटं गोल कडं) घालण्याच्या प्रयोगाची, प्लेट सकाळी एकही कॉलनी (बॅक्टेरियाचा ठिपका) न येता कोरी निघाली की सगळे आधी लायगेशनवर (डीएनएचे तुकडे जोडण्याच्या पायरीवर) घसरतात, पण बऱ्याचदा घोळ कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीत असतो. डीएनएवर फॉस्फेटचा निगेटिव्ह चार्ज, ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणावरही निगेटिव्हच, मग दोघं एकमेकांना लांब ढकलणारच ना! कॅल्शियमचे पॉझिटिव्ह आयन मध्ये आले की डीएनए पेशीला चिकटतो आणि ४२ डिग्रीच्या हीट शॉकला आत जातो. मँडेल आणि हिगा यांनी १९७० मध्ये हे फेजच्या (बॅक्टेरियावर वाढणाऱ्या व्हायरसच्या) डीएनएवर दाखवलं, १९७२ मध्ये कोहेनच्या ग्रुपने प्लास्मिडवर.

सगळ्यात कॉमन चूक वजनाची. बाटलीवरचं लेबल वाचा हो! १०० मिली ०.१ मोलरला निर्जल (पाणी नसलेली) पावडर १.११ ग्रॅम लागते आणि डायहायड्रेट (स्फटिकात पाणी असलेली) १.४७ ग्रॅम, आणि सीनियरच्या वहीतला आकडा तसाच उतरवून डायहायड्रेट १.११ टाकलं की हातात येतं जेमतेम ७५ मिलीमोलर. त्यात निर्जल पावडर हवेतलं पाणी ओढते, झाकण नीट न लावलेल्या जुन्या बाटलीतून काढलं तर वजनात पाणीपण मोजलं जातं.

पेशी पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या खारट बफरने) धुवू नका, त्यातल्या फॉस्फेटबरोबर कॅल्शियमचा साका बसतो आणि सोल्यूशन गढूळ दिसतं. प्लास्मिड ज्यात ठेवतात त्या टीई बफरमधल्या ईडीटीए या रसायनाला मात्र लोक उगाच घाबरतात, ते कॅल्शियम पकडतं हे खरंय, पण १०० मायक्रोलिटर पेशींत एक-दोन मायक्रोलिटर प्लास्मिड घातल्यावर ते किती पकडणार?

घाईपण नडते. बर्फातल्या कॅल्शियममध्ये पेशी रात्रभर ठेवल्या तर जास्त कॉलनी येतात, हे १९७९ मध्येच डॅगर्ट आणि एर्लिख यांनी दाखवलंय. व्होर्टेक्स (जोरात घुसळणारं मशीन) अजिबात नको, हलक्या हाताने मिसळा.

इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने डीएनए आत घालणं) करणाऱ्यांनी आयनचं वरचं सगळं उलटं धरायचं. तिथे आयन म्हणजे शत्रू, कारण मीठ राहिलं की करंट त्यातून पळतो, क्युव्हेटमध्ये (पेशी ठेवायच्या छोट्या डबीत) फट्ट आवाज येतो आणि पेशी मरतात. पेशी थंड १० टक्के ग्लिसरॉलने नीट धुवा, लायगेशन मिक्स थेट ओतू नका, आधी इथेनॉलने डीएनए खाली बसवून स्वच्छ पाण्यात घ्या.

तरी प्लेट कोरीच? मग पीयूसी१९ या नेहमीच्या खात्रीच्या प्लास्मिडचा कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) लावा आणि थोड्या पेशी अँटिबायोटिक नसलेल्या प्लेटवर पसरा, तिथेही काही उगवलं नाही तर पेशी आधीच मेल्यात, नवीन कल्चर लावा.